पंखा बदलावा की रेग्युलेटर?

प्रश्न : आमच्याकडे चार जुने पंखे आहेत. सगळे बदलून कमी वीज खाणारे बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे) पंखे घ्यावेत का? की पंखा हळू ठेवला तरी वीज वाचते? – एक वाचक, सातारा

उत्तर : पंखा हळू ठेवून वीज वाचणं हे रेग्युलेटरवर अवलंबून आहे. जुना, चौकोनी, तापणारा डबा असेल तर वाचलेल्या विजेचा बराचसा भाग त्यातच उष्णता होऊन जातो. छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. खर्च किरकोळ आहे.

आता पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३०च्या आसपास. रोज १२ तास फिरणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. युनिट ८-१० रुपयांना पडत असेल तर पंख्याची किंमत दोनेक वर्षांत वसूल होते. आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशाची, त्यामुळे तेवढा धूरही कमी. वीज गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो.

पण चारही बदलू नका. झोपायच्या खोलीतला आणि हॉलमधला बदला. पाहुणे आले तरच फिरणारा पंखा भंगारात काढण्यात शहाणपण नाही. नव्या पंख्याला जुना रेग्युलेटर मात्र ठेवू नका. वायरमनला सांगून तो काढून टाका, वेग रिमोटवरच बदलतो.