आत्मप्रतिष्ठा आणि आजूबाजूची माणसे

‘न्यूनगंड’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. वर्गात कोणी गप्प बसले, की त्याला न्यूनगंड आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. पहिल्या वर्षी हा शब्द माझ्याविषयी उच्चारलेला मी स्वतःच्या कानांनी ऐकला. पुढे मानसशास्त्र हा विषय घेतला त्यामागे ते एक कारण होते, हे येथे कबूल करते.

माणूस मनाशी स्वतःची जी किंमत करतो, तिला आत्मप्रतिष्ठा म्हणतात. गर्व निराळा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली ही कल्पना एका अपूर्णांकात बसविली. वर यश आणि खाली अपेक्षा. अर्थात तिचे मूल्य वाढवावयाचे तर अंश वाढवावा किंवा छेद कमी करावा. जेम्स यांना दोन्ही मार्ग सारखेच समाधानाचे वाटतात. आमच्या घरी दुसरा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. “आपल्याला कुठं कलेक्टर व्हायचंय?” असे आई म्हणते, ते मला वाईट वाटू नये म्हणूनच. परंतु छेद कमी करून मिळणारे समाधान मला तरी पटत नाही. कॉलेजात येणे म्हणजेच छेद वाढविणे नव्हे काय?

परीक्षेतील गुणांमुळे आत्मप्रतिष्ठा वाढते, हे थोडेफार खरे आहे. उलट आत्मप्रतिष्ठा वाढविली की गुण वाढतात, या समजुतीला मात्र फारसा आधार नाही. रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अनेक संशोधनांचा आढावा घेऊन हे दाखविले. ‘आत्मविश्वास ठेवा’ अशी भाषणे देणाऱ्यांनी हा आढावा जरूर पाहावा.

या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते मॉरिस रोझेनबर्ग यांचे काम. न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांतील पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास त्यांनी १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आपण आज प्रात्यक्षिकात भरतो ती दहा विधानांची मापनश्रेणी त्यांचीच. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. घरच्या सामाजिक दर्जाचा परिणाम वाटतो तेवढा मोठा नसतो. आईवडिलांना मुलात रस आहे की नाही, याला अधिक महत्त्व असते. हे वाचताना मला वडील आठवले. त्यांना गुणपत्रिका वाचता येत नाही. पण ती हातात घेऊन ते विचारतात, “ह्यात तुझं नाव कुठं लिवलंय?” मी बोट ठेवते. मग ते नावाकडेच बघत राहतात.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्या मुलांचे बालपण परधर्मीयांच्या वस्तीत गेले, त्यांची आत्मप्रतिष्ठा स्वधर्मीयांच्या वस्तीत वाढलेल्या मुलांपेक्षा कमी आढळली. धर्म तोच, शेजार तेवढा निराळा.

माझेही असेच झाले. गावच्या शाळेत निबंध वाचावयाचा झाला, की माझे नाव आधी पुकारले जाई. येथे पहिल्या वर्षी चर्चासत्रात मी निबंध वाचला. त्यात ‘कारन’ आणि ‘आनि’ आले, आणि मागच्या बाकांवरून ते दोन्ही शब्द हळूच परत आले. त्यानंतर दिवाळीपर्यंत वर्गात मी फक्त हजेरीपुरती बोलले. जूनमध्ये माझ्याजवळ जे होते ते ऑक्टोबरातही होते. ऐकणारी माणसे तेवढी बदलली होती.

‘कमवा आणि शिका’ योजनेतील कामाचेही तसेच. सकाळी कॉलेजच्या बागेत पाणी घालावयाचे, गवत काढावयाचे. गावी हेच काम करताना मला कधी तोंड लपवावेसे वाटले नव्हते. येथे मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेत असे, आणि ऊन लागते असे सांगत असे. (सकाळी सात वाजता!) या योजनेमागे कर्मवीर भाऊराव पाटलांची प्रेरणा आहे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि श्रमाची कामे स्वतः करीत. सर्वांच्याच हातांना माती असल्यावर कोणी कोणाकडे बघावयाचे? आमच्याकडे अकरा जणी काम करतात आणि बाकीचे कॉलेज ये-जा करते. योजना तीच, पण शेजार तो नाही. संस्थांनी योजना घेतली आणि वसतिगृह विसरल्या, असे मला वाटते. कोणाला हे मत आगाऊपणाचे वाटल्यास त्याला माझा इलाज नाही.

यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी आमच्यात आली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “ताई, वर्गात जायच्या आधी हात कुठं धुवायचे?” मागच्या बाजूला एक नळ आहे, वर्षभर मी तोच वापरला होता. तिला मी कार्यालयासमोरचा, सर्वांच्या वाटेवरचा नळ दाखविला. ती काही न बोलता तेथे गेली. मला आपण फार मोठे काम केल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या नळावर दिसली. तो तिने स्वतःच शोधून काढला होता.