वळू पारखताना

गाय तिसऱ्यांदा उलटली की गोठ्यातले सगळे तिलाच दोष देतात. तू आता कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरणार आहेस, म्हणून सांगतो बाळा. रेतमात्रेवरचा वळूचा नंबर आणि तारीख वहीत उतरवल्याशिवाय स्ट्रॉ फेकायची नाही. आधी आपली बाजू तपास: पाणी ३७ अंशांचं, थर्मामीटर लावून, स्ट्रॉ अर्धा मिनिट, आणि पात्रात द्रवनत्र पुरेसं. एवढं करूनही एकाच वळूच्या रेतावर वेगवेगळ्या गोठ्यांतल्या गाई उलटल्या, तर वीर्य केंद्राला लेखी कळव.

वळूच्या तेजदार अंगावर भाळू नको. अंडकोषांचा घेर मोजतात, त्याला अर्थ आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली सळसळणारे शुक्रजंतूही फसवू शकतात. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या फ्लेकवी जातीत असे वळू निघाले. शुक्रजंतूंची संख्या, चाल, आकार सगळं चांगलं, आणि रेतन फळण्याचं प्रमाण २ टक्क्यांहून कमी! कारण २०१४ मध्ये पुढे आलं. टीएमईएम९५ नावाच्या जनुकात बिघाड होता. त्याचं प्रथिन शुक्रजंतूच्या आवरणावर असतं; ते नसेल तर शुक्रजंतू बीजांडाशी एकजीव होत नाही. आई-बाप दोघांकडून बिघाड आला तरच वळू अडतो. एकाकडूनच आला तर तो धडधाकट राहतो आणि दोष पुढच्या पिढीत वाटत जातो. म्हणून पैदाशीसाठी निवडलेल्या वासराची जनुक तपासणी लहानपणीच व्हावी. गुणसूत्रांचीही व्हावी. १ आणि २९ क्रमांकाची गुणसूत्रं जोडली गेलेला वळू दिसायला निर्दोष असतो. त्याचे काही गर्भ मात्र सुरुवातीलाच मरतात.

तरी चाचणीत उतरलेला वळू खात्रीचाच, असं मालकाला सांगू नको. वळूची प्रजननक्षमता एका जनुकावर ठरत नाही. चाचणीने नेमका दोष असलेला वळू बाजूला काढता येतो. चांगला कोण, ते तिसऱ्या महिन्यात हात घालून केलेली गाभण तपासणीच सांगते, आणि तीही पुष्कळ गाईंची.

गावात वळू पाळणाऱ्यांना उन्हाळ्याचं आवर्जून सांग. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. एप्रिलमध्ये वळू तापाने फणफणला, तर तो बरा दिसू लागल्यावरही मेभर, कधी जूनपर्यंत रेत खराब निघतं. तोवर त्याला गाईवर सोडू नका म्हणावं, सावलीत बांधा आणि पाणी भरपूर द्या.