श्रीनगर ते लेह : अंतर आणि वेळ

श्रीनगर आणि लेह हे दोन विमानतळ नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेत येतात. दोहोंचे अक्षांश ३४ अंशांच्या आसपास आहेत. रेखांशांतील फरक सुमारे २.७७ अंशांचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा असतो. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकवटत जात असल्याने ३४ अक्षांशावर तो ९२ किलोमीटरच भरतो. गुणाकार केल्यास अंतर २५५ किलोमीटर येते आणि अक्षांशांतील किंचित फरक जमेस धरल्यास २५६. वैमानिकांच्या हिशेबी हे १३८ सागरी मैल होत. झोजी ला आणि फोतू ला या खिंडींतून वळणे घेत जाणारा रस्ता मात्र सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा आहे, आणि वाटेत कारगिलला मुक्काम करण्याची बहुतेकांची रीत आहे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास २५६ किलोमीटरांसाठी १९ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र साधारण पाऊण ते एक तास दिसतो, याचे प्रवाशास नवल वाटते. वेळापत्रकातील अवधी हा विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर स्थिरावेपर्यंतचा असतो. शिवाय एवढ्या लहान पल्ल्यात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते. उरलेला काळ चढण्यात आणि उतरण्यात जातो. मार्गालगत नून आणि कून ही सात हजार मीटरांहून उंच शिखरे असल्याने ते लवकर खाली येऊ शकत नाही आणि शेवटी डोंगरांनी वेढलेल्या सिंधूच्या खोऱ्यात त्यास बेताबेताने शिरावे लागते.

लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असते. हवा विरळ म्हणजे पंखांना मिळणारा आधार कमी आणि इंजिनाची शक्तीही कमी. दिवस तापू लागला की ती आणखी विरळ होते व दुपारी खोऱ्यातून जोराचे वारे सुटतात. म्हणून येथील उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होतात. सकाळ ढगांत गेली तर तो दिवसच गेला, असे अनेकदा घडते. हिवाळ्यात बर्फाने झोजी ला बंद असताना अडलेल्या रुग्णाच्या दृष्टीने या एका सकाळीचे मोल वेगळे सांगावयास नको.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान प्रथम लेहला उतरविले, तेव्हा लेहच्या रक्षणाचाच प्रश्न होता. मेजर जनरल थिमय्या त्यांच्यासमवेत होते. अभियंता सोनम नोरबू यांनी तेथे कच्ची धावपट्टी तयार करून घेतली होती. डाकोटामध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि मार्ग दाखविणारी उपकरणेही नव्हती. या विमानमार्गानेच पुढे लेहला कुमक पोहोचली.

आजच्या विमानात दाब राखला जातो, तरी येथे एक विपरीत गोष्ट घडते. एरवी उतरत्या विमानात कॅबिनमधील हवेचा दाब वाढत जातो. लेहला उतरताना तो कमी होत विमानतळाच्या पातळीवर येतो. श्रीनगरच्या सुमारे १,६५५ मीटर उंचीवरून निघालेला प्रवासी तासाभरात दुप्पट उंचीवर उभा राहतो व प्रत्येक श्वासात त्यास समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश इतकाच प्राणवायू मिळतो. रस्त्याने येणाऱ्यास कारगिलच्या मुक्कामात शरीर सावरण्यास थोडी सवड मिळते. विमानाने येणाऱ्यास ती लेहमध्येच काढावी लागते. पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे व मद्य टाळावे, असा सल्ला डॉक्टर देतात. डोकेदुखी, मळमळ वाढत गेल्यास किंवा स्वस्थ बसूनही धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. परतीच्या प्रवासात पुढील विमानाचे तिकीट त्याच दिवसाचे न काढता एक दिवस मोकळा ठेवणे इष्ट.