फळीचे अस्तर

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ यास,

दिवाळीच्या सुटीत घरातील मुलांना हाताशी घेऊन पुस्तकांच्या लाकडी फळ्या रंगविण्याचा तुझा मनोदय पत्रावरून कळला व फार संतोष झाला. परंतु एका दुपारीत सारे उरकण्याचा जो बेत तू कळविला आहेस, त्याविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

तू लहान असताना आपण अजिंठ्यास गेलो होतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चित्रापुढे तू खिळून उभा राहिलास. मी मात्र जिथला रंग गळून गेला आहे अशा जागा न्याहाळीत होतो, कारण त्या कारागिरांची तपश्चर्या तिथेच उघडी पडली आहे. खडबडीत कातळावर तूस व वनस्पतींचे तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यानंतरच गेरू, काजळी, हिरवी माती व परमुलखातून आणविलेला लाजवर्द! दीड हजार वर्षे जे टिकले, ते या अदृश्य थरांच्या आधाराने टिकले.

म्हणून पहिला दिवस रंगाविना जाऊ दे. कोऱ्या लाकडावर मुलांनी रेषांच्या दिशेने काचकागद फिरवावा, खाचांत लांबी भरावी, अस्तराचा हात द्यावा आणि तो वाळेपर्यंत स्वस्थ बसावे. जुन्या रंगाची फळी मात्र त्यांना घासावयास देऊ नकोस, कारण त्यात शिसे असण्याचा धोका असतो. नव्या घरगुती रंगांसाठीही २०१६ च्या नियमांनी दहा लाख भागांत ९० भाग शिशाची मर्यादा घातली आहे, तेव्हा डबा वाचूनच घ्यावा.

अजिंठ्याची आणखी एक हकीकत सांगतो. निजाम सरकारने पाचारण केलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२०-२२ च्या सुमारास, चित्रे जतन व्हावीत या सद्हेतूनेच, त्यांवर लाखेचे रोगण चढविले. कालांतराने ते पिवळे पडले व मूळ वर्ण त्याखाली झाकोळले. तुझ्या घरीही मुलांची एखादी रेघ वाकडी जाईल, एखाद्या मोराचा पिसारा फळीच्या कडेवरून ओघळेल, आणि मुले निजल्यावर कुंचला घेऊन तो नीटनेटका करण्याचा मोह तुला होईल. कारण तुझा हात चांगला आहे आणि मुलांवर तुझी माया आहे. तो मोह आवर. सकाळी उठून मूल प्रथम आपली रेघ शोधते; ती त्याला जागेवर सापडली पाहिजे.

तुझा,
मामा