आधी जुनी गुणपत्रिका मागा

"काका, फॉरेस्ट ऑफिसर होईल तुमची मुलगी."

प्रवेश कक्षातल्या मॅडम हे बोलल्या तेव्हा मी वडिलांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "हे शिकून पुढं काय?" त्यावर हे उत्तर. टेबलावर गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. त्यावर वाघ, देवराई, दुर्बीण लावलेली मुलगी आणि खाली अक्षरं: बी.एस्सी., नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन. मी दापोलीचं बोलले. तिथला वानिकीचा अभ्यासक्रम कृषी विद्यापीठाचा आहे हे मला माहीत होतं. मॅडम लगेच म्हणाल्या, "तिथं चार वर्षं, इथं तीन. मुलीचं एक वर्ष वाचेल. शिवाय घराजवळ." जुन्नरहून दापोली लांबच. वडिलांना ते पटलं. दुसऱ्या फेरीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये मी दापोली टाकलंच नाही. त्या संध्याकाळी मॅडमचे तीन फोन आले. पैसे भरल्यानंतर एकही नाही.

वर्षाला 1 लाख 40 हजार रुपये फी. मान्यतेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी विद्यापीठाची कागदपत्रं दाखवली, आणि ती खरी होती. इथंच बहुतेक पालक थांबतात, आम्हीही थांबलो. पण मान्यता म्हणजे पदवी खरी आहे एवढंच. ती पदवी अमुक परीक्षेला चालते का, हा वेगळा प्रश्न. तो आम्ही विचारला नाही आणि त्यांनी सांगितला नाही.

माझ्यापुढं हे उघडं पडलं ते पदवी हातात आल्यावर, फेब्रुवारीत, भारतीय वनसेवेची जाहिरात वाचताना. या सेवेची पूर्वपरीक्षा 2013 पासून नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेबरोबरच होते, पण पात्रता वेगळी आहे. पदवीला आठपैकी निदान एक विषय हवा: पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र. नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. मी सहाही सत्रांच्या गुणपत्रिका खाटेवर ओळीनं मांडल्या आणि एकेका विषयावर बोट ठेवत गेले. वनस्पती विविधता. परिसंस्था परिचय. मृदा व जल व्यवस्थापन. पर्यावरण कायदे. हवामानबदल. संशोधन पद्धती. त्या आठांतलं एकही नाव नाही. पहिल्या सत्रापासून पुन्हा बघितलं, मग तिसऱ्यांदा. आई चहा घेऊन आली आणि माझ्याकडं बघून कप ठेवून तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गेले. 'वनस्पती विविधता' हा वनस्पतिशास्त्राचाच विषय आहे असं पत्र द्या, एवढीच मागणी. विभागप्रमुख म्हणाले, "यूपीएससी हा आमचा विषय नाही. पदवीचं काय करायचं ते विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं." ज्या खोलीत ते हे बोलले, तिच्या बाहेरच्या भिंतीवर फॉरेस्ट ऑफिसरच्या गणवेशातल्या मुलाचा फोटो लावलेला होता. परीक्षा विभाग, कुलसचिव कार्यालय, पुन्हा विभाग अशा माझ्या पाच चकरा झाल्या. सहा आठवड्यांनी जे पत्र मिळालं त्यात लिहिलं होतं की, सदर विषयात वनस्पतिशास्त्रातील काही घटकांचा समावेश आहे. अर्जाची मुदत तोपर्यंत संपली होती. ती उरली असती तरी अशा पत्रावर अर्ज करायची माझी छाती झाली नसती. पडताळणीत माहिती चुकीची ठरली तर काय, ही भीती.

लोक म्हणतात, आधी नीट बघायचं ना. मला हे मान्य नाही. अठरा वर्षांच्या मुलीनं राजपत्रातली पात्रता वाचून विद्यापीठाला पकडायचं, आणि ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनी मात्र तोंडावर काहीही सांगायचं, हा कुठला न्याय? त्या मॅडमना ठाऊक नव्हतं असं मी क्षणभर मानायला तयार आहे. विभागप्रमुखांना नक्की ठाऊक होतं. माझ्या आधीच्या तुकडीतला एक मुलगा हेच पत्र मागून गेल्याचं मला नंतर कळलं.

परीक्षेचं एक वेळ सोडा. शिकवलं काय? तीन वर्षांत फील्ड म्हणून सिंहगडाच्या दोन सहली झाल्या. बावन्न मुलं, एक प्राध्यापक, ग्रुप फोटो. अहवाल मागच्या वर्षीच्या फायलीवरून उतरवायचा. याचा हिशेब मला पुढं द्यावा लागला, आंबेगाव तालुक्यातल्या एका संस्थेत नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. डोंगरउतारावर झाडांची मोजणी चालू होती. साहेबांनी टेप हातात दिला. छातीच्या उंचीवरची गोलाई घ्यायची हे मला पाठ होतं, 1.37 मीटर हा आकडाही. पण उतारावर ही उंची खालच्या बाजूनं धरायची की वरच्या? मी खालून धरली. सोबतच्या बारावी झालेल्या गावातल्या पोरानं काही न बोलता टेप माझ्या हातातून घेतला, चढाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, उंची धरली, टेप खोडाभोवती फिरवला आणि आकडा सांगितला. मग त्यानंच दाखवलं: मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असते तो ऐन, आणि शेजारचा किंजळ. दोन्ही एकाच कुळातले. 'वनस्पती विविधते'त मला शंभरपैकी 81 गुण होते.

आता ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांच्यासाठी.

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि पास झालेल्या मुलाची गुणपत्रिका मागा, सहाही सत्रांची. पदवीचं नाव आणि विषयांची नावं छापलेली असतात तशीच वहीत उतरवून घ्या. शेजारी ज्या ज्या परीक्षा द्यायच्या मनात आहेत त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती ठेवा. केंद्राची वनसेवा आणि राज्याची वनसेवा यांच्या पात्र पदव्यांच्या याद्या एकसारख्या नाहीत. पुढं डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी. करायचं असेल तर तिथंही प्रत्येक अभ्यासक्रमाची अट वेगळी आहे. शब्दाला शब्द जुळला पाहिजे. "तसाच आहे", "त्यातच येतं" हे कुणी म्हणालं की ते लेखी मागा, आणि प्रवेशाच्या आधी मागा. पैसे भरल्यावर तुमच्या कागदाला कुणी विचारत नाही.

वनरक्षकाची भरती बारावीवर होते. त्यासाठी पदवीला लाखो रुपये घालायची गरज नाही, हे पालकांना कुणीतरी सांगायला हवं.

अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे श्रेयांक किती ते मोजा. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला दोन तास. तेवढे तास मुलं खरंच वर्गाबाहेर असतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा. विभागप्रमुखांना विचारून उपयोग नाही. न कळवता, कामाच्या दिवशी जा. हर्बेरियम कुठं आहे ते विचारा आणि कपाट उघडायला लावा. शेवटच्या नमुन्यावरची तारीख वाचा, ठिकाणाची नोंद आहे का बघा. आमच्याकडं किल्ली असलेली व्यक्ती रजेवर असायची, तिन्ही वर्षं. संस्थेची स्वतःची रोपवाटिका, वनक्षेत्र किंवा निदान पाणलोटाच्या कामाची जागा आहे का? सलग समतल चर कागदावर शिकून येत नाही. ए-फ्रेम घेऊन समपातळी रेषा आखावी लागते, तीही उन्हात.

पोस्टरवरची माजी मुलं सोडून इतर पाच जणांचे नंबर मिळवा. प्राध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, तेही बघा. घाई करू नका, घरच्यांशी बोला, कर्ज काढताना दहा वेळा विचार करा. हे सगळेच सांगतात, पण खरं आहे.

झाडांची आवड आहे म्हणून कुणी या वाटेला येत असेल तर त्याला मी अडवणार नाही. महाराष्ट्रात वानिकीची चार वर्षांची पदवी दापोलीला आणि अकोल्याला कृषी विद्यापीठात मिळते. साध्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली आणि सुट्ट्या एखाद्या चांगल्या संस्थेबरोबर जंगलात काढल्या, तरी माझ्यापेक्षा जास्त दारं उघडी राहतील. तिचा खर्चही आमच्या फीपुढं काहीच नाही.

माझ्या कर्जाचे अजून 31 हप्ते आहेत. सहाही गुणपत्रिकांच्या झेरॉक्स मी एका फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत. आमच्या भागातलं कुणी या अभ्यासक्रमाचा विचार करत असेल तर त्यांनी घरी यावं, जाहिरात घेऊन यावं. बसून ओळ न् ओळ ताडून बघू.