गरम झाले म्हणजे शिजले काय?

'आधी पोटोबा, मग विठोबा' असे आपण थट्टेने म्हणतो. पण पोटोबा बिघडला की काय होते, हे आपल्या लोणार तालुक्याने डोळ्यांनी पाहिले आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, माघातील एकादशीच्या दिवशी, सोमठाणा येथील हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर दोनशेहून अधिक भाविकांना उलट्या व जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. माणसे रस्त्यावर निजवावी लागली आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. त्या दिवशी नेमके काय चुकले याचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. परंतु एक प्रश्न मनात राहून गेला. अन्न गरम झाले म्हणजे ते शिजले, आणि शिजले म्हणजे ते निर्धोक झाले, असे खरेच आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची ओढ मला लागली ती मावशीच्या स्वयंपाकघरात. सुटीत तिच्याकडे गेलो असता दुपारी मी फ्रीजमधला वरण-भात काचेच्या खोलगट भांड्यात काढला आणि दोन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. कडेच्या घासाने जीभ पोळली आणि मधला घास गारढोण लागला! आमच्या घरी चुलीवर भात बुडाला लागतो, पण असा मधेच गार राहिलेला कधी पाहिला नव्हता. हे कसे घडते, म्हणून मी वाचू लागलो.

लहरींची चूल

१९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हे अभियंते रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळीवर काम करीत होते. चालू नळीपाशी उभे असता त्यांच्या खिशातील गोड वडी वितळली. त्यांनी मग मक्याचे दाणे नळीसमोर ठेवून पाहिले, तर त्यांच्या लाह्या फुटल्या. १९४७ मध्ये या तत्त्वावरची पहिली भट्टी विक्रीस आली. ती माणसाएवढी उंच असून तिचे वजन सुमारे ३४० किलो होते. स्पेन्सर यांचे शालेय शिक्षणदेखील पुरे झालेले नव्हते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

चुलीवर आधी भांडे तापते व मग अन्न. मायक्रोवेव्हमध्ये मात्र लहरी भांड्यातून पार होऊन थेट अन्नातील पाण्याला गाठतात. या लहरींची सेकंदाला २४५ कोटी आवर्तने होतात. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन व दुसरे ऋण असते. प्रत्येक आवर्तनाबरोबर तो वळू पाहतो, शेजारच्या रेणूंवर आदळतो आणि या धडपडीतून उष्णता निर्माण होते. यामुळे अन्नात किरणोत्सर्ग शिरतो ही भीती निराधार आहे. दिवा मालवल्यावर जसा उजेड उरत नाही, तशा यंत्र बंद होताच या लहरीही उरत नाहीत. मात्र दार वाकलेले असेल किंवा नीट बसत नसेल, तर ते यंत्र वापरू नये.

मधला घास गार का?

याची कारणे दोन. पहिले असे की, या लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्याहून खोल भागाला बाहेरच्या भागाकडून हळूहळू उष्णता मिळेल तेवढीच. दुसरे असे की, पेटीच्या धातूच्या भिंतींवरून लहरी परततात व एकमेकींत मिसळतात. विहिरीत दोन खडे टाकले, तर कोठे तरंग दुणावतात आणि कोठे पाणी शांत राहते, तसाच हा प्रकार. म्हणून पेटीत काही जागी कडक ऊन, तर काही जागी सावली! आतली तबकडी फिरते ती याचसाठी. पण तबकडीच्या मधोमध ठेवलेली वस्तू जागच्या जागीच फिरते, त्यामुळे तिचा मधला भाग सावलीत सापडला तर सावलीतच राहतो.

यावर उपायही सोपे आहेत. खोल भांड्याऐवजी पसरट भांडे घ्यावे व अन्नाचा थर पातळ ठेवावा. बटाटे किंवा इडल्या मधली जागा मोकळी सोडून गोलाकार मांडाव्यात. बटाट्याला काट्याने टोचे मारावेत. वर झाकण ठेवावे, म्हणजे वाफ दाटून सगळीकडे लागते, पण वाफेला थोडी वाट असू द्यावी. निम्म्या वेळाने भांडे बाहेर काढून कडेचे अन्न मध्ये व मधले कडेला असे ढवळावे. शेवटी दोन-तीन मिनिटे झाकून तसेच ठेवावे. भात उतरवल्यावर आई म्हणते, "झाकण उघडू नको, वाफ जिरू दे." तीच ही गोष्ट. त्या वेळात कडेची उष्णता मध्यापर्यंत पोचते.

गोठलेले अन्न मंद शक्तीवरच वितळवावे. बर्फ या लहरी फार थोड्या शोषतो आणि पाणी पुष्कळ. त्यामुळे कडा वितळल्या की त्या उकळू लागतात आणि आतला गोळा तसाच राहतो. आपले स्टीलचे डबे व सोनेरी काठाच्या बशा आत ठेवू नयेत, ठिणग्या उडतात. कवचासह अंडे तर मुळीच ठेवू नये, वाफ कोंडून ते फुटते.

अंशांचा हिशेब

अन्नातील जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात. बरेच अपायकारक जंतू ७० अंशांच्या पुढे मरतात, म्हणून शिजवताना अन्नाच्या मध्यभागीही एवढी उष्णता पोचली पाहिजे. शिळे अन्न गरम करताना ७४ अंशांपर्यंत न्यावे असे सांगतात. घरी तापमापक नसला, तर अन्न सगळीकडून वाफाळले पाहिजे, ही खूण धरावी. कडेला वाफ आणि मध्ये कोमट, असे अन्न म्हणजे जंतूंना दिलेले आमंत्रणच होय.

पण येथेच एक मोठा गैरसमज आहे. शिळे अन्न पुन्हा उकळले की झाले, असे आपण मानतो. भातात बॅसिलस सीरियस नावाचे जंतू असू शकतात. त्यांची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतले उलट्या घडवणारे विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. भगरीचेही तसेच. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते व तिच्यापासून विषद्रव्ये तयार होतात. म्हणून अन्न व औषध प्रशासन नवरात्रात सूचना काढते की, भगर पाकीटबंद घ्यावी, सुटे पीठ घेऊ नये आणि ती फार दिवस साठवू नये. थोडक्यात, विस्तव जंतूंना मारतो, पण त्यांनी केलेले विष दर वेळी मारीलच असे नाही. तेव्हा विष तयार होऊच न देणे हाच खरा उपाय. उरलेला भात परातीत पसरून लवकर गार करावा व दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर एका तासातच.

पुन्हा पंगतीकडे

आता वाचक विचारतील, आपल्या गावात मायक्रोवेव्ह किती घरी आहेत? प्रश्न रास्त आहे. पण मावशीच्या यंत्रातले काचेचे भांडे आणि सप्ताहाच्या मांडवातले मोठे पातेले यांना एकच नियम लागू आहे. भांडे जेवढे खोल, तेवढी मध्याकडे उष्णता पोचायला उशीर. आणि एकदा पोचली की तेथून निघायलाही तेवढाच उशीर. खाली उतरवून झाकून ठेवलेल्या पातेल्याचा मध्य कित्येक तास कोमट राहतो, आणि तोच जंतूंचा पट्टा. म्हणून पातेले तळापासून ढवळावे. पंगत उशिरा बसणार असेल, तर स्वयंपाकही उशिरा करावा, नाहीतर अन्न निखाऱ्यावर वाफाळते ठेवावे. उरलेले अन्न लहान, पसरट भांड्यांत वाटून गार करावे. याला यंत्र लागत नाही की खर्च लागत नाही.

आमच्या आयांना हे अंश ठाऊक नव्हते, तरी ढवळणे, झाकणे आणि वाफ जिरवणे त्यांना ठाऊक होते. त्या जाणतेपणाला आपण शिकलेल्यांनी कारणांची जोड द्यावी. ज्याला चुलीपाशी उभे राहायचे आहे, त्याने आधी मधला घास तपासावा. कडेची वाफ पाहून समाधान मानणे सोपे असते, पण पंगतीत बसलेल्या कोणाच्या तरी पानात तो मधला घास पडणारच असतो.