मुलांमधील अन्नाचे वावडे : निदान आणि शिक्षकाचे साहाय्य

"त्याला अंडे चालत नाही," "तिला शेंगदाणे बाधतात," अशी वाक्ये शालेय पोषण आहाराच्या वेळी शिक्षकांच्या कानी नेहमी पडतात. त्यांपैकी काही खरी असतात, तर काही केवळ ऐकीव. खऱ्या वावड्याकडे दुर्लक्ष झाल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते. ऐकीव गोष्टीवर विसंबल्यास वाढत्या वयाचे मूल दूध, अंडे, डाळ अशा पोषक अन्नास विनाकारण मुकते. निदान करणे हे डॉक्टरांचे काम होय. परंतु ते ज्या माहितीवर उभे राहते, ती माहिती पुष्कळदा शिक्षकापाशीच असते. कारण मूल दुपारी जेवते ते शिक्षकाच्या डोळ्यांसमोर.

१. वावडे म्हणजे काय?

आपल्या शरीरातील संरक्षक यंत्रणा रोगजंतूंशी झुंजते. काही मुलांच्या बाबतीत हीच यंत्रणा अन्नातील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते. यालाच अन्नाचे वावडे किंवा अ‍ॅलर्जी म्हणतात. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. दूध, अंडे, शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, मासे, कोळंबी हे पदार्थ याबाबतीत विशेष ध्यानात ठेवावेत.

२. सारखे दिसणारे तीन प्रकार

(अ) वावडे : पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, बहुधा दोन तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ वा पापण्या सुजतात, खाज सुटते, ओकारी होते, खोकला येतो किंवा छातीत घरघर होते. पदार्थ अगदी थोडा पोटात गेला तरी असे घडू शकते, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ल्यास पुन्हा घडते.

(आ) न पचणे : दुधातील साखर ज्यांना पचत नाही, त्यांचे पोट फुगते, दुखते, जुलाब होतात; पण गांधी उठत नाहीत. अशा मुलास थोडे दूध बहुधा सोसते.

(इ) विषबाधा : एकाच जेवणानंतर अनेक मुलांना एकदम त्रास झाला, तर वावड्याचा विचार मागे ठेवून प्रथम अन्न बिघडल्याचा संशय घ्यावा. नीट न राखलेला बांगडा खाल्ल्यानेही चेहरा लाल होऊन खाज सुटते आणि ते वावड्यासारखेच दिसते. अशा वेळी वाढप थांबवावे, उरलेले अन्न राखून ठेवावे व आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

३. शिक्षकाने ठेवावयाची नोंद

एखाद्या मुलास त्रास झाल्यास त्याच दिवशी पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात : काय खाल्ले व साधारण किती, किती वाजता खाल्ले, त्रास किती वेळाने सुरू झाला, प्रथम काय दिसले व नंतर काय, त्रास किती वेळ टिकला, कोणते औषध दिले गेले, खाल्ल्यानंतर मूल धावले-खेळले होते काय, हा पदार्थ त्याने पूर्वी खाल्ला होता काय व तेव्हा काय झाले. उसळ किंवा खिचडी एवढेच लिहून भागत नाही. तीत शेंगदाण्याचे कूट, तीळ वा खोबरे होते काय, हे स्वयंपाकीण मावशींना विचारून लिहावे.

लहान मुलांची भाषाही समजून घ्यावी. "जीभ टोचते," "घशात काहीतरी अडकले," एवढेच ते सांगू शकतात. पानात अन्न टाकू नये ही शिकवण योग्यच आहे. तथापि एखादे मूल एकच पदार्थ नेहमी बाजूला सारत असेल, तर सक्ती करण्यापूर्वी कारण विचारावे. तो हट्टच असेल असे नाही.

ही नोंद पालकांना दाखवावी, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल तेव्हा त्यांच्या हाती द्यावी. पथकाची वाट पाहणे शक्य नसल्यास पालकांना नोंदीसह आरोग्य केंद्रात पाठवावे.

४. डॉक्टर निदान कसे करतात?

सर्वप्रथम हकीकत ऐकली जाते. तिच्यावरून संशयित पदार्थ ठरतो. मग त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब त्वचेवर ठेवून बारीक टोचतात व १५ ते २० मिनिटांनी पाहतात. तेथे उठलेली गांध ३ मिलिमीटर वा अधिक असल्यास चाचणी सूचक मानतात. रक्तातील आयजीई या प्रतिपिंडाचीही तपासणी करता येते. मात्र चाचणी सूचक आली म्हणजे वावडे सिद्ध झाले, असे नव्हे. तो पदार्थ निर्वेध पचविणाऱ्या मुलांतही ती तशी येऊ शकते. म्हणून हकीकतीशिवाय केलेल्या चाचण्या दिशाभूल करतात. शंका उरल्यास रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो पदार्थ अल्प प्रमाणापासून वाढवीत खाऊ घालून खात्री करतात. हा प्रयोग घरी वा शाळेत कदापि करू नये.

दूध व अंड्याचे वावडे अनेक मुलांत वयाबरोबर नाहीसे होते. त्यामुळे एकदा झालेले निदानही डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासून घ्यावे.

५. विलंब चालत नाही तेव्हा

श्वास घेण्यास त्रास, आवाज बसणे, घसा वा जीभ सुजणे, भोवळ येणे, मूल निपचित पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास नोंदवही बाजूस ठेवावी. १०८ क्रमांकास बोलावणे करावे व जवळच्या आरोग्य केंद्रास कळवावे. मुलास आडवे निजवून पाय किंचित उंच ठेवावेत. धाप लागत असल्यास बसवावे, पण उभे करू नये वा चालवू नये. ओकारी काढू नये, तोंडाने काही देऊ नये. यावरील पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिले जाणारे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

निदान झालेल्या मुलाचे नाव व वर्ज्य पदार्थ स्वयंपाकघरात लिहून ठेवावेत. त्याला वेगळ्या पंगतीस बसवू नये. सर्वांबरोबरच बसवून त्याच्या ताटाची काळजी घ्यावी.

केंद्र संमेलनात चर्चेसाठी

१. आपल्या शाळेच्या आठवड्याच्या आहारात शेंगदाणे, तीळ व दूध कोणकोणत्या पदार्थांतून येतात, याची यादी करा.
२. एका मुलास दूध प्याल्यावर पोटदुखी होते, दुसऱ्यास ओठांवर सूज येते. दोघांच्या नोंदीत कोणता फरक दिसेल?
३. आपल्या शाळेपासून जवळचे आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, ते लिहून वर्गात लावा.